हळकुंड मोडून पाहावे!

मिरज जंक्शन सोडून गाडी पुण्याच्या दिशेने निघाली, की दहा-एक किलोमीटरांवर सांगली येते. नाटकवेड्याला विचाराल तर तो सांगेल, की १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ इथेच रंगवले. भाविकाला विचाराल तर तो कृष्णाकाठच्या गणपतीकडे बोट दाखवील. आणि खवय्याचे बोट भडंगाच्या पुड्याकडे वळेल! पण हळदीच्या हंगामात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे या दिवसांत, मार्केट यार्डात पाऊल टाकणाऱ्याला कोणालाच काही विचारावे लागत नाही. आपण कुठे आलो आहोत ते त्याचे नाकच त्याला सांगते.

मी गेलो तो मनाशी एक प्रश्न घेऊन. २०२० च्या टाळेबंदीपासून आपल्या घराघरांत पडद्यावरच्या बैठकी सुरू झाल्या. चिरंजीव जेवणाच्या टेबलाशी बसून बंगळूरच्या साहेबांशी बोलू लागले आणि सूनबाई खिडकीशी बसून सिंगापूरच्या. वर इस्त्रीचा सदरा आणि खाली घरचा लेंगा, हा तर त्या दिवसांतला दरबारी पोशाखच होता! मग आता व्यापारउदिमासाठी प्रवासाची दगदग करायची तरी कशाला? म्हटले, जिथे एखाद्या कुटुंबाचा वर्षभराचा घाम काही मिनिटांत रुपयांत मोजला जातो, अशा पेठेलाच हे विचारावे.

अडतीच्या दुकानात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. खरेदीदारांचा घोळका एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातो. बोलणे कमी, हातांचे काम जास्त. एकजण मूठभर हळकुंडे उचलतो, तळहातावर खेळवतो आणि त्यांतले एक दोन्ही हातांनी मोडतो. नीट वाळलेले असेल तर ते कट्‌कन मोडते. ओल राहिली असेल तर कुरकुरत लवते. मग आतला रंग पाहायचा, नखाने खरवडायचे, नाकाशी धरायचे. तेवढ्यात बोली सुरू होते आणि संपतेही! मागे भिंतीशी शेतकरी उभा असतो. लावणीपासून काढणीपर्यंत सात-आठ-नऊ महिने, मग उकडणे, वाळवणे, पॉलिश करणे. एवढे सारे करून तो त्या मोडलेल्या हळकुंडाकडे टक लावून पाहत असतो. त्याच्या मुलीचे लग्न किंवा मुलाची फी त्या ‘कट्‌’ आवाजात असते.

माझ्या ओळखीचे इथे एक वृद्ध अडते आहेत. सगळी पेठ त्यांना आबा म्हणते. त्यांचे चिरंजीव मात्र नव्या चालीचे. इंदूरच्या गिऱ्हाइकाशी ते पडद्यावरच बोलतात.

“रोजचा भाव सांगायला, ट्रक कधी सुटला ते कळवायला, हुंडीची तारीख ठरवायला मी इंदूरला जाऊ काय?” ते मला म्हणाले. “जाण्यायेण्याचं भाडंच नफा खाऊन टाकील. शिवाय तीन गावचे खरेदीदार मला एका वेळी भेटतात. शेतकऱ्याला चार पैसे जास्तच मिळतात की!”

“खरं आहे त्याचं,” आबा शांतपणे म्हणाले. “पण पिवळ्या दिव्याखाली आलंसुद्धा हळदीसारखं दिसतं, एवढं त्याला सांगा.”

मग कळले ते असे. एका परगावच्या व्यापाऱ्याने पडद्यावर नमुना पाहून माल उचलला. माल ओला निघाला, असे त्याचे म्हणणे. निघाला तेव्हा कोरडा होता, असे यांचे. आठ दिवस दोघे पडद्यावर भांडले. पडद्यावरच्या भांडणाची एक मोठी अडचण असते. राग आला की माणूस कळ दाबून नाहीसा होतो. समोर बसलेल्याला निदान चहा संपेपर्यंत तरी बसावे लागते! वीस वर्षांचा घरोबा तुटायची वेळ आली. नवव्या दिवशी आबा गुडघेदुखी विसरून गाडीत बसले. दोघांनी मिळून पोती उसवली. काही पोती खणखणीत कोरडी, तर एका बाजूची ओलसर. वाटेत पाऊस लागला होता आणि ताडपत्री फाटकी होती! दोघेही खरे बोलत होते. नुकसान निम्मे-निम्मे वाटून घेतले आणि आबा जेवूनच परतले.

समोरासमोर बसणे म्हणजेच सचोटी, असे मात्र कोणी समजू नये. एके काळी आपल्याकडच्या कितीतरी बाजारांत रुमालाखाली हात घालून सौदे होत. बोटे दाबून भाव ठरायचा आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहूनही अंधारात! ती चाल मोडली ती उघड लिलावाने. २०१६ साली सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय बाजारात तर बोली यंत्रावर लागते. भाव सर्वांना दिसावा, याला पडदा रुमालापेक्षा केव्हाही बरा.

संध्याकाळी हरिपूरला गेलो. नाटककार देवलांचे हे गाव सांगलीपासून जवळच आहे. कृष्णा आणि वारणा इथे भेटतात. संगमेश्वराच्या देवळाशी बसले की दोन्ही पाणी एकमेकांत मिसळताना दिसते. हरिपूरची खरी नवलाई मात्र जमिनीखाली. इथल्या पेवांत, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस अशा खोल खड्ड्यांत, हळद साठवीत. हवा लागत नसल्यामुळे कीड लागत नाही आणि रंग टिकतो. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. कोंडलेली हवा जिवावर बेतते. २००५ च्या महापुराने पेवांचे फार नुकसान केले आणि माल गोदामांकडे वळला.

पेवाच्या तोंडाशी उभा असताना आबांचे म्हणणे मला नीट उमगले. एकदा तोंड बंद झाले, की आतला माल धन्यालाही दिसत नाही. तेव्हा जे पाहायचे ते भरण्यापूर्वी पाहावे. माणसांचेही तसेच आहे. पहिली ओळख, हाताळून पाहायचा माल आणि विकोपाला गेलेला तंटा, एवढ्यांसाठी तिकीट काढावे. बाकीचे खुशाल पडद्यावर उरकावे. त्यासाठी म्हाताऱ्या गुडघ्यांना शिणवू नये.

आपण सोयरीक जुळवताना तरी दुसरे काय करतो? पत्रिका, पगार, सुट्ट्यांच्या तारखा पडद्यावर बोलून होतात. पण मुलीची आई एकदा त्या घरी जाऊन पाणी पिऊन आल्याशिवाय होकार देत नाही.

तेव्हा वाचकहो, येत्या हंगामात सवड काढून सांगलीला जाच. वर्षाची हळद घ्या. दुकानदार काही म्हणणार नाही. घेण्यापूर्वी एक हळकुंड मोडून पाहा!