मेनिलचे १९९६

फ्रान्समधील कोत दे ब्लां या टेकड्यांच्या रांगेत, खडूच्या जमिनीवर वसलेले ल मेनिल-स्यूर-ओजे नावाचे एक लहानसे गाव आहे. आणि त्या एकाच गावच्या, एकट्या शार्डोने जातीच्या द्राक्षांपासून, तीही मनाजोगते पीक येईल त्याच साली, शॅम्पेन करावयाची, असा जो शिरस्ता एमे सलों या फरच्या व्यापारात पैसा मिळविलेल्या गृहस्थाने घालून दिला, तो त्याच्या पश्चातही मोडलेला नाही. १९०५ हे त्या मद्याचे पहिले साल. पुढे अवघ्या विसाव्या शतकात ३७ साले तेवढी त्या घराण्याने पसंत केली. त्यांतले १९९६ हे परीक्षकाला सर्वाधिक शिकविणारे, असे माझे मत आहे.

एरवी द्राक्षात साखर चढू लागली की आम्लता उतरू लागते. त्या वर्षी मात्र कोरड्या वाऱ्यांनी आणि थंड रात्रींनी दोहोंनाही शिखरावर ठेविले, आणि म्हणून तिकडची मंडळी त्यास दहा-दहाचे साल म्हणतात : सुमारे १० अंश मद्यार्काची शक्यता आणि लिटरमागे सुमारे १० ग्रॅम आम्ल.  सलोंच्या तळघरात हे तीक्ष्ण आम्ल शमविण्याचे काम काळावर आणि बाटलीत साचलेल्या मृत यीस्टवर सोपविलेले असते.

अशा मद्याची परीक्षा करताना बुडबुड्यांच्या मोहक सरीवर मी कधीच भिस्त ठेवीत नाही. चषकाला चिकटलेल्या, पुसण्याच्या फडक्यातून किंवा हवेतून आलेल्या सूक्ष्म तंतूंपासून त्या सरी उगम पावतात, हे रॅंस विद्यापीठातील जेरार लिजे-बेलेर यांनी सप्रयोग दाखविले आहे. तेव्हा त्यांची साक्ष मद्याइतकीच चषकाविषयीही असते. बाटली मी कापडात गुंडाळून घेतो, कारण नाव आधी वाचले की नाक त्या नावाची चाकरी करू लागते. चषक रुंद पोटाचा आणि मद्य फार गार नसलेले, १० ते १२ अंशांवरचे, असावे. नंतर घाई न करता बसावे. पहिल्या हुंगण्यात लिंबाची साल आणि ओला खडू यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. परंतु अर्धा तास लोटल्यावर भाजलेल्या पावाचा, हेझलनटाचा व पुसट मधाचा गंध एकामागून एक वर येऊ लागतो, आणि जिभेच्या दोन्ही कडांना झोंबणारे ते आम्ल हळूहळू मध्यभागी सरकून घोटाला उभे धरते. येथेच खरा निवाडा करावयाचा असतो, आणि तो एकाच प्रश्नाचा : आम्लाखाली फळ शिल्लक आहे की नाही? त्या सालच्या कित्येक नामांकित शॅम्पेनी याच प्रश्नावर हरल्या. त्यांचे आम्ल टिकले आणि फळ मात्र मुदतीआधीच सुकून गेले. मेनिलच्या या मद्यात पिवळ्या सफरचंदाचा गर घोट उतरल्यावरही रेंगाळतो, आणि त्याच्या पाठोपाठ खडूचा किंचित खारट कोरडेपणा येतो. या दोन चवींमधले अंतर जितके दीर्घ, तितके मी मद्याला अधिक गुण देतो. येथे ते इतके दीर्घ होते, की पुढचा घोट घेण्यास मन होईना.

साधी बाटली आज अवश्य उघडावी. दीड लिटरची मॅग्नम असेल तर, तिच्यातील मद्य सावकाश पिकते म्हणून, मी आणखी काही वर्षे थांबेन.