सहा वर्षांचा चुना

न्यू जर्सी, जुलै संपत आलाय. पुढच्या लॉनवर आज सात चकत्या मोजल्या. ताटलीएवढ्या, वाळक्या, त्यांतल्या दोन चकत्यांत मधोमध हिरवा झुपका तसाच उभा. इथले लोक त्याला बेडकाचा डोळा म्हणतात. मूठभर गवत ओढलं तर अलगद हातात आलं. मुळं काळी पडलेली. केंटकी ब्लूग्रासवरचा समर पॅच, बुरशीचा रोग.

पाणी कमी पडतंय समजून रोज संध्याकाळी शिंपत होतो. ते चुकलंच. माती १८ अंशांच्या पुढे तापली की ही बुरशी मुळांत शिरते, म्हणजे वसंत संपता संपताच. आपल्याला दिसते ती जुलैत.

रटगर्स विद्यापीठ जवळच आहे. या रोगावर तिथे बरंच काम झालंय. नत्राचं प्रमाण तेच ठेवा. अमोनियम सल्फेटमधून दिलं तर रोग कमी, कॅल्शियम नायट्रेटमधून दिलं तर जास्त. अमोनियम घेताना मूळ बाहेर आम्ल सोडतं, नायट्रेट घेताना उलटं होतं. हा फरक मुळाला चिकटलेल्या मातीच्या एक-दोन मिलिमीटर थरात सगळ्यात जास्त असतो, आणि बुरशीची वाट तिथूनच जाते. मला हे फार मोलाचं वाटतं. बुरशीनाशकाची बाटली घ्यायच्या आधी खताचं पोतं वाचायला हवं.

माती तपासून आली. सामू ७.२. लॉनची कामं करणारा माणूस सहा वर्षं दर वसंतात चुना टाकत होता, कारण ‘इकडची माती आंबट’. मूळची आहेच. पण तपासली कुणीच नाही, मीसुद्धा नाही.

लॉनच्या सगळ्या रोगांना खताचा हाच नियम लागू नाही. डॉलर स्पॉट नत्र कमी पडलं की येतो, ब्राउन पॅच दमट उकाड्यात नत्र जास्त झालं की.

आम्लाचाही अतिरेक नको. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८५६ पासून एका कुरणावर प्रयोग चालू आहे. अमोनियम सल्फेट पडत राहिलेल्या आणि चुना न मिळालेल्या पट्ट्यांत सामू ४ च्या खाली गेला. गवताच्या मोजक्याच जाती उरल्या. गांडुळं नाहीत, त्यामुळे वाळलेलं गवत कुजत नाही, गादीसारखं साचतं. मी ६ च्या आसपास थांबणार.

नगरहून धाकट्याचा फोन. “दादा, मी पण टाकू का अमोनियम सल्फेट?” त्याची हरळी, काळी माती, सामू ८.२. म्हटलं, नत्रासाठी टाक, पण सामू उतरेल ही आशा धरू नकोस. तुझ्या मातीतली चुनखडी आम्ल गिळून टाकते.

चुना बंद. गवत तीन इंच ठेवायचं. पाणी रोज थोडंथोडं नाही, एकदाच खोलवर. अमोनियम सल्फेट सप्टेंबरात; या उन्हात टाकलं तर पाती करपतील. मेलेल्या जागी टॉल फेस्क्यूचं बी. त्याला हा रोग धरत नाही.

ऑगस्टअखेर, गार सकाळ. एका चकतीच्या कडेचा तुकडा सुरीने कापून बादलीत धुतला. काळ्या मुळांच्या वरच्या बाजूला, बुंध्यालगत, अर्ध्या इंचाचं एक पांढरं मूळ.