पंचनाम्यात नसलेला रकाना

१ जानेवारी २०१८ नंतर आमच्या कोरेगाव भीमात जळालेल्या दुकानांचे, गाड्यांचे पंचनामे झाले. उडालेल्या झोपेला त्यात रकाना नव्हता. म्हणून पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचा ‘आत्मीयता’ प्रकल्प मला जवळचा वाटतो. गावातल्याच माणसांना शिकवायचं. त्यांनी फोनवर छोट्या फिल्म दाखवायच्या, खचलेल्याशी चार-सहा वेळा बसून बोलायचं. सुरुवात नाशिकच्या पेठ तालुक्यात झाली. पुढे गुजरातच्या मेहसाणात रीतसर चाचणी. कुठल्या गावांत काम आधी, कुठे नंतर, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. थांबलेली गावं तुलनेला. गुण दिसला.

पण दंगल पाहिलेल्या गावात ऐकणारा शेजारी कुणाचा? आमच्या मोहल्ल्यातली खाला त्याच्यापुढे मन मोकळं करील? मेहसाणाचे आकडे हे सांगत नाहीत. इथे चाचणी आलीच, तर ऐकणारा निवडण्याआधी खालाला विचारा.