इंजिन थांबले तर?

आमच्या यवतमाळच्या घरात गेले चार दिवस एक कागद देवघराच्या फडताळात पडून होता. दिवंगत धाकट्या बंधूंच्या मुलीने विमान चालविण्याचे शिक्षण घेण्याचे योजिले असून त्यासाठीच्या कर्जाच्या कागदावर आमची सही हवी होती. मातोश्रींचा प्रश्न एकच होता, "वर इंजिन बंद पडले तर पोरीने काय करायचे?" आम्हांस उत्तर सुचेना, आणि उत्तर ठाऊक नसता सही करणे आम्हांस प्रशस्त वाटेना.

अखेर पुतणीनेच एके रात्री पंजाचे विमान करून आजीला समजाविले. इंजिन थांबले म्हणून विमान दगडासारखे कोसळत नाही. सेसना १५२ सारखे शिकाऊ विमान जमिनीपासून ३,००० फुटांवर असेल व वारा शांत असेल, तर ते सुमारे ८ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. पहिले काम वेग राखण्याचे. भीतीने नाक वर ओढले तर वेग सरतो आणि पंखांचा आधारच सुटतो. मग मोकळे शेत हेरायचे, शक्यतो वाऱ्याला तोंड करून उतरायचे. वेळ उरल्यास बिघाड शोधायचा; नाहीतर इंधन व वीज तोडायची आणि धक्क्याने दार अडकून बसू नये म्हणून ते आधीच किलकिले करायचे. एकट्याने उड्डाण करू देण्यापूर्वी शिक्षक याचा सराव करून घेतात.

"शेत म्हणजे आपल्यासारखे वावर?" मातोश्रींनी विचारले. त्यांचे उभे आयुष्य कपाशी-तुरीच्या संगतीत गेलेले. त्या म्हणाल्या, "आषाढात आपल्या काळ्या मातीत बैलाचा पाय निघत नाही, तुझे चाक कसे निघेल?" पुतणी गप्प झाली. खरेच, ओल्या मातीत पुढले चाक रुतले तर विमान उलथू शकते. तासे आडवी आली तर हादरे बसतात.

आम्ही त्या दोघींपासून काही लपविले नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. आत एकटीच बावीस वर्षांची विद्यार्थिनी होती. ती किरकोळ जखमांवर बचावली आणि गावकरी मदतीस धावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर बारामती परिसरात थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन शिकाऊ विमाने पडली. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कला पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने निकामी झालेले मोठे विमान हडसन नदीवर उतरले व १५५ माणसे वाचली, हेही सांगितले. पण प्रत्येक वेळी नदी समोर असतेच असे नाही.

धोका नाही असे आम्ही म्हणू शकलो नाही. मात्र इतके उमगले की, ज्या विद्येत संकटाचा पाठ एकट्याने उडण्याआधी शिकवितात, ती विद्या बेफिकीर नव्हे. बंधू गेले तेव्हा या घराचेही इंजिन थांबलेच होते. मातोश्रींनी वेग राखला म्हणून आम्ही सारे धडपणे जमिनीवर आलो.

आम्ही सही केली. मातोश्रींनी कागद देवापुढे ठेवला आणि नातीला म्हणाल्या, "उतरायची वेळ आलीच, तर तासाच्या बाजूने उतर. आडवी जाऊ नकोस."