बटण बंद, वीज चालू

गरम पाण्याने आंघोळ केली की न्हाणीघरात वाफ कोंडते. भिंती ओल्या राहतात. कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. ही दमट हवा बाहेर टाकण्यासाठी खिडकीत एक छोटा पंखा बसवतात. त्याला एक्झॉस्ट पंखा म्हणतात. मालेगावच्या आमच्या घरातला असा पंखा जाम होऊन बरेच दिवस बंद होता. ईदच्या सुट्टीत आम्ही नवा आणला. गल्लीतल्या वायरमन चाचांनी तो बसवला. बटण दाबले, पण पाती हलली नाहीत.

"पंखाच खराब आहे. दुकानदाराला परत देऊ," माझा धाकटा भाऊ म्हणाला.

"थांब बेटा. आधी तपासू, मग दोष देऊ," चाचा म्हणाले.

त्यांनी एकेक प्रश्न घेतला. बोर्डापर्यंत वीज येते का? त्याच बोर्डावरचा दिवा लागत होता, म्हणजे येत होती. पंखा चांगला आहे का? मेन स्विच बंद करून त्यांनी पंखा काढला आणि दुसऱ्या खोलीत लावून पाहिला. तो भरभर फिरला. म्हणजे दोष बोर्ड आणि पंखा यांच्या मधेच कुठेतरी होता.

मग चाचांनी मेन स्विच आणि पंख्याचे बटण चालू केले. पंख्याकडे जाणाऱ्या लाल तारेला टेस्टर लावला. टेस्टर उजळला. भाऊ म्हणाला, "वीज तर आहे!" चाचांनी बल्बच्या दोन तारा त्या लाल आणि काळ्या तारेला जोडल्या. बल्ब लागला नाही. असे का झाले? वीज फेजच्या तारेने येते आणि न्यूट्रलच्या तारेने परत जाते. टेस्टर फक्त येणारी वीज दाखवतो. परतीची वाट तुटली आहे, हे तो सांगत नाही.

आता चाचांनी पंख्याचे बटण बंद केले आणि लाल तारेला पुन्हा टेस्टर लावला. तो तसाच उजळला! चाचा गंभीर झाले. मेन स्विच बंद करून त्यांनी बोर्ड उघडला. बटण लाल तारेवर नव्हतेच, ते काळ्या तारेवर होते. त्या तारेचे टोक जळून स्क्रूतून सुटले होते.

मित्रांनो, याचा अर्थ लक्षात घ्या. बटण न्यूट्रलवर असेल, तर ते बंद केल्यावर पंखा थांबतो, पण पंख्यात 230 व्होल्टची वीज तशीच राहते. आमच्या अम्मी बटण बंद करून, स्टुलावर उभ्या राहून, ओल्या फडक्याने जुना पंखा पुसत असत. पाण्याने भिजलेल्या अंगातून वीज सहज वाहते. हे आठवून आम्ही सारेच गप्प झालो.

चाचांनी फेजची तार बटणातून नेली. काळ्या तारेचे टोक कापून, घासून न्यूट्रलला घट्ट बसवले. नव्या पंख्याचे अंग लोखंडी होते, म्हणून हिरवी तार अर्थिंगला जोडली. मग बटण चालू केले. पंखा फिरला. बटण बंद करून टेस्टर लावला. तो उजळला नाही. तेव्हाच चाचा म्हणाले, "आता काम झाले."

आपल्या उर्दूतला 'दुरुस्त' हा शब्द मराठीतही आहे. त्याचा एक अर्थ 'बरोबर' असाही होतो. केवळ पंखा फिरला म्हणजे दुरुस्ती झाली नाही. आतली जोडणीही दुरुस्त हवी.

तुम्ही मात्र विजेच्या तारांना हात लावू नका. ते काम जाणकार वायरमनचे आहे. पंखा पुसायचा असेल, तर मोठ्या माणसांना मेन स्विच बंद करायला सांगा. घरात आरसीसीबी आहे का, हेही त्यांना विचारा. वीज गळू लागली, तर ते उपकरण क्षणात प्रवाह तोडते. थांबलेल्या पंख्यात वीज नाही, असे कधीही गृहीत धरू नका.