लेखी द्या

आयुष्यात मी सर्वांत अधिक वेळा उच्चारलेले वाक्य कोणते, असे मला कुणी विचारले, तर मी क्षणभरही अडखळणार नाही. ‘लेखी द्या’ हे ते वाक्य! पेणला राहावे, सकाळची एस.टी. धरावी, वडखळ-नागोठणे करीत रोहा गाठावे आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामगारांच्या तक्रारी ऐकाव्यात, असा माझा पुष्कळ वर्षांचा क्रम होता. ‘ऐकाव्यात’ असे आपले म्हणायचे. कुणी तोंड उघडले रे उघडले की मी ते वाक्य त्याच्यापुढे ठेवी आणि तो मान डोलावून निघून जाई.

बरे, वाक्य कायद्याला धरून होते. २०१० साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि २० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना तक्रार निवारण समिती नेमणे भाग पडले. सभासद फार तर सहा. निम्मे मालकाचे, निम्मे कामगारांचे. लेखी अर्ज आल्यापासून ४५ दिवसांत काम उरकायचे. आमची समिती झाली, फलक लागला, फाटकाशी पेटी आली. पेटीची किल्ली माझ्या खणात असे. महिन्याच्या महिन्याला मी ती उघडी. एकदा एस.टी.चे तिकीट निघाले, एकदा लग्नाची पत्रिका. तक्रार एकही नाही. आमचे व्यवस्थापक खूश होते, आणि खोटे कशाला सांगू, मीही होतो.

खरी तक्रारपेटी म्हणजे परतीची एस.टी. तिथे साहेब आणि हेल्पर एकाच बाकावर. ओव्हरटाइमचे दोन तास खाल्ले, मुकादमाच्या तोंडाला धरबंध नाही, सारे नागोठण्याच्या आत बोलून व्हायचे. एका पावसाळ्यात असाच एक हेल्पर मला म्हणाला, “साहेब, बूट नऊ नंबरचे मिळालेत. माझा पाय सातचा.”

“लेखी द्या.”

तो हसला. “लिहिले की नाव लागते, साहेब.” मग पुढे चिंध्या कोंबून तो तेच बूट वापरू लागला. आठवड्याभरातच लोखंडी शिडीवरून घसरला आणि घोट्याचे हाड मोडले. अहवाल मीच लिहिला : ‘कामगाराचा पाय घसरला.’ त्यात एक अक्षरही खोटे नव्हते. सात नंबरचे जोड भांडारात फळीवर पडून होते, हे मला नंतर कळले.

त्या रात्री मी कायदा पुन्हा काढला. आपली बाजू शोधायलाच काढला होता. अर्ज तक्रारदाराने ‘किंवा त्याच्या वतीने’ द्यावा, असे शब्द तिथे होते. इतकी वर्षे माझी नजर त्यांवरून घसरत होती. दुसऱ्या दिवसापासून मी खिशात कागद ठेवू लागलो. बाकावर ऐकलेले रात्री पेणला लिहून काढी, दुसऱ्या दिवशी त्या माणसाला वाचून दाखवी, आणि तो हो म्हणाला तरच समितीपुढे ठेवी. पहिल्याच महिन्यात अकरा अर्ज झाले. व्यवस्थापकांनी विचारले, “एकाएकी एवढा असंतोष कुठून आला?” मी म्हणालो, “असंतोष जुनाच आहे, कागद तेवढे नवे.” त्या वर्षी माझी पगारवाढ राहिली. त्याची तक्रार मात्र मी लेखी दिली नाही!

आमच्या शेजारी गणपतींचा एक लहानसा कारखाना होता. दिवा मंद वाटला की डोळ्यांची आखणी करणारा कारागीर ब्रश खाली ठेवी. मालक काय ते ओळखून दिवा बदली. याचे मला भारी कौतुक वाटे. पुढे त्याच कारागिराने सांगितले, “दिव्याचे ठीक आहे. मजुरीचे बोललो तर पुढच्या हंगामाला बोलावणे येत नाही.” तिथे माणसे विसाच्या आत, समितीचे कलम त्या दारापर्यंत पोचतच नव्हते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. समितीत आता दहांपर्यंत सभासद, त्यांत स्त्रियाही हव्यात, आणि मुदत ३० दिवसांची. मी केव्हाच निवृत्त झालो. परवा पेणच्या स्टँडवर तो हेल्पर भेटला. माझी नजर आधी त्याच्या पायांकडे गेली. चालताना तो अजून किंचित लंगडतो.

“मापाची आहे, साहेब,” चप्पल पुढे करून तो म्हणाला.