उसाच्या बेटावरचा भात

मॉरिशसला निघालो तेव्हा जो तो आम्हाला तिथल्या समुद्राबद्दलच सांगत होता. निळे पाणी, पांढरी वाळू, काचेच्या तळाची होडी! पण विमानतळाबाहेर पडलो आणि पहिला अर्धा तास दिसला तो नुसता ऊस. डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस, डोंगराच्या पायथ्यालाही ऊस. ऑगस्टचा महिना, म्हणजे तिकडची थंडी आणि तोडणीचे दिवस. आमच्या सौ. कोल्हापूरकडच्या. त्या म्हणाल्या, “एवढा खर्च करून शेवटी शिरोळ तालुक्यातच आणलंत की!”

आमचे यजमान क्वात्र बोर्नला राहतात. मुंबईत एका मेळाव्यात ओळख झालेले हे सत्तरीचे गृहस्थ शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आहेत. सौ. त्यांना पहिल्याच दिवशी ‘भाऊ’ म्हणू लागल्या. राजधानी पोर्ट लुईहून त्यांच्याकडे मेट्रोने गेलो. भारताच्या पैशाचे साह्य आणि मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोची बांधणी! २०२० च्या जानेवारीत ही गाडी लोकांसाठी सुरू झाली. गंमत अशी, की इंग्रजांनी १८६४ मध्ये आगगाडी आणली तीही बरीचशी याच वाटेने. तिचे मुख्य काम साखर बंदरावर पोहोचवण्याचे. मोटारी आल्या, १९५६ मध्ये उतारूंची गाडी बंद झाली, १९६४ मध्ये मालगाडीही थांबली आणि रूळ उखडले गेले. मग साठ वर्षांच्या आत त्याच वाटेवर पुन्हा रूळ घालावे लागले!

जेवायला वरण, भात, चटणी, लोणचे. भात असा मोकळा, की सौभाग्यवतींना राहवेना. “वहिनी, तांदूळ कुठला हो?”

“तुमच्याकडचाच!” वहिनी हसून म्हणाल्या.

एवढे पाऊसपाणी, एवढी जमीन, आणि तांदूळ बोटीने यावा? भाऊंनी ताटातला हात थांबवला. “दादा, इथं भात पिकवायचं कुणाच्या मनातच नव्हतं.”

त्या एका वाक्यात बेटाचा इतिहास आला. डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणून मळे वाढवले. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेले आणि साखरेशिवाय दुसरे काही दिसेनासे झाले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी उठली. मालकांना भरपाईदाखल वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गुलामांना एक छदामही नाही. आता मळ्यांवर राबणार कोण? तर हिंदुस्थानचा माणूस! सुमारे ऐंशी वर्षांत साडेचार लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. आज त्या जागेला ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. सोळा दगडी पायऱ्या आहेत. आम्ही त्या चढलो. दोन मिनिटे लागली नाहीत.

पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापायची. जमीन सगळी उसासाठी, म्हणून मजूर बोटीने आणायचा आणि त्याचा भातही बोटीनेच आणायचा. बोट अजून चालूच आहे. जुलै २०२३ मध्ये भारताने साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि पुढच्या महिन्यात मॉरिशससाठी चौदा हजार टनांची खास परवानगी दिली. ही बातमी मी घरी चहा पिताना वाचली होती आणि पान उलटले होते. वहिनींनी मात्र त्या आठवड्यात दोन पिशव्या जास्त घेऊन ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ आम्हाला पश्चिमेकडे, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, त्यांचे शेत दाखवायला घेऊन गेले. जमीन दोन आर्पां. एक आर्पां म्हणजे एकराहून थोडे जास्त. मधोमध काळ्या दगडांचा पुरुषभर उंच ढीग होता. ज्वालामुखीचे बेट, दगड वेचल्याशिवाय ऊस लागत नसे, म्हणून असे ढीग सगळीकडे दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या बीटच्या साखरेने भाव पाडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. भाऊंच्या पणजोबांनी त्यातला एक तुकडा घेतला. हे सगळे दगड त्यांनी आणि पणजीने वेचलेले.

“ऊस कितव्या वर्षाचा?” सौभाग्यवतींनी जाणकारासारखे विचारले.

“सातवा खोडवा आहे. आता नवी लागण करायला हवी. नाहीतर…” भाऊंनी पलीकडे बोट दाखवले. शेजारच्या रानात ऊस नव्हता, पांढरे बंगले होते. दलाल भाऊंकडेही येऊन गेला आहे. मुलगा कॅनडात असतो. तो म्हणतो, विकून टाका. तोडणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही.

हा एकट्या भाऊंचा प्रश्न नाही. १९६० मध्ये ‘कॅरोल’ चक्रीवादळाने बेट झोडपून काढले. त्याच सुमारास जेम्स मीड हे अर्थशास्त्रज्ञ इथे पाहणीला आले. १९७७ मध्ये नोबेल मिळाले तेच हे. एकच पीक आणि भराभर वाढणारी लोकसंख्या पाहून त्यांनी या बेटाचे भवितव्य कठीण ठरवले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याने मीडसाहेबांना खोटे पाडले. १९७० पासून निर्यातीचे कपड्यांचे कारखाने निघाले. १९७५ च्या लोमे करारानंतर युरोप ठरावीक साखर चढ्या भावाने घेऊ लागला. १९७७ पासून माध्यमिक शाळेची फी गेली. भाऊंची धाकटी बहीण त्यामुळेच मॅट्रिकच्या पुढे शिकली.

या यशाचे पोवाडे आपल्याकडच्या पाहुण्यांनी पुष्कळ गायले आहेत. मलाही कौतुक आहे. पण चढा भाव देणारा गिऱ्हाईक तो जुना धनीच होता! युरोपने भाव छत्तीस टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये तो करारच संपला. एके काळी वर्षाला सहा-सात लाख टन साखर होई. आता त्याच्या निम्मीही होत नाही. कारखाने तीनच उरले. मोठ्या कंपन्यांनी चिपाडांवर वीज केली, उसाच्या जागी बंगले बांधले. त्या कंपन्यांमागची घराणी बरीचशी जुनी, फ्रेंच वंशाची. दोन आर्पांवाल्याने काय बांधायचे?

रात्री भाऊंनी कपाटातून एक कागद काढला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आलेल्या प्रत्येक मजुराची नोंद जपून ठेवली आहे. त्यातला हा उतारा. पणजोबांचे नाव, बापाचे नाव, वय वीस, जिल्हा रत्नागिरी. त्यांचे पाळण्यातले नावच पुढे घराण्याचे आडनाव झाले. खरे आडनाव कुणाला ठाऊक नाही. “२०२० च्या साथीत दुकानं आडनावाच्या अद्याक्षराप्रमाणं उघडली,” वहिनी म्हणाल्या. “पणजोबांच्या नावानं आम्हाला तांदूळ मिळाला बघा!”

भाऊंना मात्र हसू आले नाही. “दादा, गावाचं नाव वाचता का? मला कधी लागलं नाही.”

इंग्रज कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले. मी चष्मा पुसून पाहिले. ‘नांदोस’ असावे, ते मालवणकडे आहे. पण शेवटच्या अक्षरानंतर शाई फुटली होती. चिपळूणकडचे ‘नांदिवसे’ही असू शकेल. दोन्ही गावे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होती. मी दोन्ही सांगितली. भाऊंनी दोन्ही नावे वहीत देवनागरीत, मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहून घेतली.

“गाव सापडलं, तर जमीन विकायला मन धजेल,” ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, “की उलटंच होईल?”

सौ. काहीतरी बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत.

परत आल्यावर मी दोन्ही ग्रामपंचायतींना पत्रे घातली. एकीकडून उत्तर आले, की त्या नावाची घरे गावात तीन आहेत, कुणीतरी येऊन चौकशी करावी. दिवाळीनंतर आम्ही दोघे जाणार आहोत. तसे भाऊंना कळवले. त्यांचा निरोप आला: ऊस तोडून झाला, दलाल पुन्हा येऊन गेला, त्याला जानेवारीपर्यंत थांबायला सांगितले आहे.